विहिरींची नावंही लिहून घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुरंदरच्या नियोजित विमानतळाच्या बातम्यांत पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही सात नावं आता पुणेकरांना पाठ झाली आहेत. विमानतळ व्हावा की नको, हा वाद मी इथे काढत नाही. कुंभारवळण ही माझी सासुरवाडी, आणि त्यावरून आमच्या घरातच दोन तट आहेत. मला लिहायचंय ते एका जुन्या नकाशाबद्दल.

मी एका सरकारी कार्यालयात ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवून नकला काढणारा, होतो. 1:50,000 प्रमाणाचे मीटरमधले नकाशे आले तेव्हा एक इंचाला एक मैल या मापाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे वाटा, ओढे, विहिरी दाखवणारे सविस्तर नकाशे, रद्दीत निघाल्या. त्यातल्या दोन मी घरी आणल्या. एक 47 जे/3 या क्रमांकाची, म्हणजे सासवड आणि त्याच्या पूर्वेची ही गावं. दुसरी तिच्या लगतची 47 एफ/15. सालाचा कोपरा उंदरांनी खाल्लाय.

गेल्या महिन्यात पहिली शीट सासुरवाडीला ओटीवर पसरली. गुंडाळी सुटेना म्हणून कोपऱ्यांवर दोन तांबे, पानाचा डबा आणि माझा चष्मा ठेवला. माझे चुलत सासरे चौऱ्याऐंशी वर्षांचे. बराच वेळ बघून म्हणाले, “यात पुरंदर कुठंय?” पुरंदर त्यात नव्हताच. 74 रेखांशावर एक शीट संपते, सासवड अलीकडे आणि किल्ला पलीकडे. “पुरंदर नाही तर आमचा मुलूख कसला?” मग डाव्या अंगाला दुसरी शीट लावली. त्यांनी दोन्ही कागद धरून गरागरा फिरवले, कागदावरचा किल्ला खऱ्या किल्ल्याच्या दिशेला येईपर्यंत. उत्तर वर ठेवायची, हा नियम मी सारी नोकरी पाळला. त्यांनी तो मिनिटभरात मोडला आणि तिथून पुढे नकाशा तेच वाचू लागले.

सासवडकडे जाणारी तुटक लाल रेघ म्हणजे बाजाराची वाट. आजची डांबरी सडक तिला दोनदा ओलांडते, बाकी तिचा मागमूस नाही. निळे ठिपके म्हणजे विहिरी. ही जांभळीची, ही सुनेची. सुनेची का, असं विचारल्यावर त्यांनी उत्तर न देता बोट पुढे सरकवलं. एका ओढ्याची रेघ मात्र त्यांना पटेना. नकाशात बारमाही पाणी निळं आणि कोरडा ओढा काळा दाखवतात. हा काळा होता. “पौषापर्यंत वाहायचा तो! तुमचा माणूस उन्हाळ्यात आला असेल.” असेलही. मोजणीची पथकं पावसाळा उलटल्यावरच बाहेर पडत.

आता विमानतळासाठीच्या भूसंपादनाच्या मोजणीत विहीर मोजतात, झाडं मोजतात, मोबदला ठरतो. ते व्हायलाच हवं. पण विहिरीचं नाव त्यात कोण लिहिणार? टोपोशीटमध्येही ते नाही, तिथे नुसता ठिपका. जागा कागदावर आहे आणि नाव माणसाच्या तोंडात. दोघं एका ओटीवर आले तरच जुळतात. ही माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.

म्हणून सासवड आणि परिसरातल्या शाळांना, ग्रंथालयांना विनंती, की जुनी शीट मिळवावी. पुण्यातल्या कॉलेजांच्या भूगोल विभागांत विचारावं. नाहीच मिळाली तर सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा खात्याचा चालू नकाशा घ्यावा, तोही चालेल. त्याची मोठी प्रत काढून दिवाळीच्या सुटीत मुलांना या सात गावांतल्या म्हाताऱ्यांपुढे बसवावं. पेन्सिलच द्यावी, पेन नको. आमच्याकडे दुपारभरात सतरा नावं निघाली. त्यातल्या दोन विहिरींवरून सासरे आणि त्यांचे शेजारी चहा थंड होईपर्यंत भांडले, तेव्हा मी दोघांनी सांगितलेली नावं लिहून ठेवली.

आपला,
एक निवृत्त ट्रेसर, धनकवडी, पुणे