भिगवणच्या नावाडी मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलाल, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण थंडी पडली की कॅमेरे गळ्यात अडकवून उजनी धरणाच्या पाण्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला येणारी माझ्यासारखी शिकाऊ मुलं पुष्कळ असतात. तुम्ही मला जे शिकवलंत, ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) तो मोठा थवा तुम्हाला आठवत असेल. तुम्ही लांबूनच इंजिन बंद केलंत, बांबू रोवत होडी थोडी पुढे नेलीत आणि थांबलात. होडीतले एक गृहस्थ म्हणाले, "अजून जवळ घ्या, उडवा की त्यांना. पंख उघडल्याशिवाय रंग दिसत नाही." वर पैसेही देऊ केले. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "पोट भरू द्या त्यांचं. आपण काय, घरी जाऊन जेवणारच." मग आम्हाला बघायला लावलंत. बहुतेकांच्या चोची उलट्या होऊन पाण्यात होत्या, गाळातून खाणं गाळून घेणं चाललं होतं. कडेच्या दोघांच्या माना मात्र ताठ झाल्या होत्या. "ह्या दोघांनी आपल्याला बघितलंय. आता सगळ्यांनी माना वर काढल्या आणि एकाच बाजूला चालायला लागले, की समजायचं आपण हद्द ओलांडली." एवढं बोलून तुम्ही होडी मागे घेतलीत. जरा वेळाने त्या दोन मानाही खाली गेल्या.

त्यानंतर तुम्ही विचारलंत, "वारं कुठलं आहे?" मला तेव्हा प्रश्नाचा रोख कळला नव्हता. एवढा जड पक्षी उठताना वाऱ्याच्या तोंडावर पाण्यावरून धावत जातो आणि मग हवेत चढतो. म्हणून वारं आपल्या पाठीवर घ्यायचं, ऊनही पाठीशी मिळालं तर सोन्याहून पिवळं, आणि बसून राहायचं. थवा आपल्या मर्जीने उठला तेव्हा तो आमच्याच दिशेने आला. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवावा हे वर्गात शिकले होते. पण ते बटण दाबायला कुठे आणि कसं बसावं, हे तुम्ही दाखवलंत. मागून हुसकावलेल्या पक्ष्यांचे फोटो मी आता लगेच ओळखते. बहुतेक सगळ्यांत शेपट्या आपल्याकडे असतात.

तुम्ही कधी कॅमेरा हातात धरला नाहीत, पण माझ्या स्क्रीनवर वाकून म्हणालात, "पोरी, पिसं कुठं गेली?" खरंच, पांढऱ्या अंगाचा नुसता चट्टा उमटला होता. भोवती गर्द पाणी असलं की कॅमेरा सगळं दृश्य काळोखं समजून उजेड वाढवतो आणि पांढरा पक्षी जळून जातो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, पाऊण-एक स्टॉप उतरवावं लागतं (एक स्टॉप उतरवणं म्हणजे उजेड निम्मा करणं). उलट पक्ष्यानेच चौकट भरली, तर तोच कॅमेरा पांढऱ्याला करडं करून टाकतो आणि उजेड चढवावा लागतो. जळालेली पिसं नंतर कॉम्प्युटरवर परत आणता येत नाहीत. तेव्हापासून मी दर थोड्या वेळाने हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजवीकडच्या पांढऱ्या टोकाला आदळत नाही ना, हे बघते.

कुरव पक्ष्यांसाठी (गल्ससाठी) कुणी शेव-फरसाणाची पुडी फोडली, की तुम्ही ती मागून घेऊन पिशवीत टाकता. शेवेवर झडप घालणारे कुरव फोटोत छान दिसतात, मान्य. पण ते त्यांचं खाणं नाही, आणि माणसाच्या हाताची सवय त्यांना लागू नये हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय (रिव्हर टर्न) पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. आपण जवळ गेलो की आई उठते, आणि त्या उन्हात अंडी तापायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच मी विनवूनही तुम्ही बेटाच्या बाजूला होडी वळवली नाहीत. तो नकार माझ्या फार उपयोगाचा ठरला. घरट्याजवळचे फोटो मी काढत नाही, आणि कुठलं पाखरू नेमकं कुठे दिसलं हेही लगेच जाहीर करत नाही.

अजून एक गोष्ट राहिली. परतताना कुणीतरी तुम्हाला जाळं फेकून दाखवायला सांगितलं. तुम्ही फेकलंत. सोनेरी उन्हात जाळं असं काही फुललं की सगळ्यांचे कॅमेरे खडखडले. मग तुम्ही म्हणालात, "फोटो टाकाल तेव्हा लिहा, की ह्यांनी मागणीवरून फेकून दाखवलं. आम्ही ह्या वेळेला मासे धरत नाही." छायाचित्र-पत्रकारितेच्या तासाला बनवलेलं दृश्य आणि घडलेलं दृश्य यांवर खूप चर्चा झाली होती. तुम्ही ती दोन वाक्यांत मिटवलीत. माझ्या त्या फोटोखाली तुमचंच म्हणणं लिहिलेलं आहे.

मामा, तुमचे हे उपकार मी मोठे मानते. सोबत तुमचे आणि काकूंचे फोटो छापून पाठवते आहे, तुम्ही हो म्हटलेले तेवढेच. काकूंचा चुलीजवळचा फोटो त्यांना नको होता, तो मी काढून टाकला आहे, त्यांना तसं सांगा.

यंदा पाणी उतरून रोहित आले की कळवा. माझ्याबरोबर दोन नवी मुलं असतील. त्यांना फळीवर बसू देऊ नका, होडीच्या तळाशी बसवा, म्हणजे कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत येईल. आणि पहिला तासभर त्यांना कॅमेरा पिशवीतच ठेवायला सांगा. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

तुमची,
पुण्याची शिकाऊ फोटोग्राफर