जोहोरच्या घराबद्दल

चि. अमेयला अनेक आशीर्वाद.

आम्ही मलेशियात जोहोरला, तुझ्या सिंगापूरच्या अगदी पलीकडे, घर घेऊन राहावं म्हणून तू पाठवलेले कागद बाबांनी पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचले. जन्मभर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये दुसऱ्यांचे पासपोर्ट छापले, आता स्वतःचा वापरायला मिळणार म्हणून स्वारी खुशीत! मी म्हटलं, आधी तिकडेच पेनांगला राहणाऱ्या काकूंना फोन लावा.

काकू गेल्या तेव्हा ‘मलेशिया माय सेकंड होम’ या, परदेशी लोकांना तिथे राहू देणाऱ्या सरकारी योजनेत दहा वर्षांचा व्हिसा मिळायचा. दवाखाने चांगले, इंग्रजीवर निभतं, तमिळ दुकानात कढीपत्ता मिळतो. कौतुक भरभरून करतात. पण २०२० च्या फेब्रुवारीत नातवाच्या मुंजीला इकडे आल्या आणि मार्चमध्ये तिकडच्या सीमा बंद. स्वतःच्या घरी जायला परवानगीचे अर्ज! परतल्यावर कपाट उघडलं तर पैठणीवर हिरवी बुरशी. पुढच्याच वर्षी सरकारने दरमहा उत्पन्नाची अट १० हजार रिंगिटवरून (हे तिकडचं चलन) ४० हजारांवर नेली. आधी म्हणाले जुन्यांनाही लागू, मग ओरड झाल्यावर त्यांना वगळलं. तोवर काकांची झोप उडालेली.

आता तुझ्या फॉरेस्ट सिटीचं, जोहोरमधल्या त्या नव्या वसाहतीचं. त्याच योजनेत तिथे पन्नाशीपुढच्यांना ३२ हजार अमेरिकन डॉलर ठेव आणि दहा वर्षांचा व्हिसा, हे स्वस्तच आहे. सिंगापूरहून तू शनिवार-रविवार येशील, तेही खरं. पण घर त्याच वसाहतीत घ्यायचं. सात लाख माणसांसाठी समुद्रात भर घालून उभारलेलं गाव, आणि राहायला आली त्यातली मूठभर. सोमवार ते शुक्रवार मी बोलू कोणाशी, लिफ्टशी? इथे पंचवटीत कोथिंबिरीची जुडी आणायला तासभर लागतो, तो काही कोथिंबिरीमुळे नाही.

त्या गावाबाहेर घर घ्यायचं तर योजनेतल्या सगळ्यात खालच्या वर्गालाच दीड लाख डॉलर ठेव, वर किमान सहा लाख रिंगिटचं घर. व्हिसा पाच वर्षांचा आणि घर मात्र दहा वर्षं विकायचं नाही! बाबांनी तिथे पेन्सिलीने भलं मोठं प्रश्नचिन्ह काढलंय. शिवाय त्यांची शुगर, आणि आपली मेडिक्लेम भारताबाहेर चालत नाही. या वयात तिकडे नवी पॉलिसी कोण आणि केवढ्याला देणार?

तेव्हा ठेवबिव काही नको. आपल्या लोकांना सध्या तिथे तीस दिवस व्हिसा लागत नाही, तेवढे पुरेत. नोव्हेंबरात बाबांचा हयातीचा दाखला बँकेत दिला की आम्ही निघतो. तू जोहोर बाहरू शहरातच, भर वस्तीत, महिन्याच्या भाड्याने काहीतरी बघ. माझे गुडघे लक्षात ठेव, दुसऱ्या मजल्यापुढे लिफ्ट असल्याशिवाय नको. खाली वाण्याचं दुकान असलं तर उत्तम. भाडं बाबा देणार आहेत, त्यावर वाद घालू नकोस. गोडा मसाला किती आणू ते कळव.

तुझी,
आई