निर्जन किनारा आणि पट्ट्यातला कुत्रा

संपादक महोदय,

सुट्ट्या लागल्या की वेळास, आंजर्ले, गावखडी अशा शांत किनाऱ्यांवर कुत्री घेऊन येणाऱ्यांची वर्दळ वाढते. ‘कोणी नाही, सोडू या मोकळं’ हा विचार इथेच नडतो. साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या भरतीरेषेच्या वर, दीडेक फूट खोल खड्ड्यात शंभरच्या आसपास अंडी घालतात. पिल्ले बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणजे मेपर्यंत वाळूखाली घरटी असू शकतात. आपल्याला सपाट वाळू दिसते. कुत्र्याला वास येतो आणि तो पुढच्या पायांनी उकरू लागतो. म्हणून पट्टा दोन मीटरहून लांब नको, चालायचे ते ओल्या वाळूतून, आणि अंधार पडल्यावर कुत्र्याला किनाऱ्यावर आणूच नये.

त्याच्या जिवाचेही पाहा. तळहाताची मागची बाजू कोरड्या वाळूवर पाच-सात सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे पंजे भाजणारच. खारे पाणी प्यायल्याने उलट्या-जुलाब होतात; दोन लिटर गोडे पाणी आणि पसरट भांडे सोबत हवेच. रापणीतून (किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या जाळ्यातून) टाकलेला फुगीर केंड मासा विषारी असतो, मेलेलासुद्धा. तो तोंडात गेल्यास वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. निघताना बोटांच्या बेचक्या गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात.

ग्रामपंचायतींनी विणीच्या हंगामात किनाऱ्याच्या वाटेवरच ‘कुत्रा पट्ट्यातच’ असा फलक लावावा, ही विनंती.

– एक श्वानपालक, दापोली