आंबोलीच्या पानात बेडूक राहिला

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत तुम्ही आंबोलीवर अख्खं पान दिलंत, धबधबा, धुकं, गरम भजी, मक्याची कणसं सगळं आलं, पण ज्याच्या नावातच आंबोली आहे त्या बेडकाला दोन ओळीसुद्धा नाहीत, म्हणून हे पत्र.

आंबोली टोड. अंगठ्याएवढा जीव, कुशीवर पिवळे पट्टे, वाघासारखे, म्हणून शास्त्रीय नावात टायगरिना. 2009 साली एस. डी. बिजू, वरद गिरी वगैरे मंडळींनी ही जात नवीन म्हणून नोंदवली, आज ती अतिसंकटग्रस्त यादीत आहे. भाऊबंद म्हणाल तर एकच, कोयनेचा टोड, आणि दोघंही सह्याद्रीतलेच.

याला वीण करायला नदी नको तळं नको. मिरगाचा पाऊस लागला की सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, खळग्यात बोटभर पाणी साचतं ना, त्यात अंडी घालतो. पिल्लांनी ते पाणी आटायच्या आत मोठं व्हायचं, मध्येच पावसाने दडी मारली की खेळ खलास, आणि हे सगळं कुठे तर महाराष्ट्रात सगळ्यात जास्त पाऊस पडतो त्या गावांपैकी एकात!

आता सातबाऱ्यावर सडा म्हणजे बहुतेक पोटखराबा, लागवडीला निकामी जमीन, टुरिस्टच्या नजरेत मोकळा माळ म्हणजे पार्किंग. गेल्या जूनमध्ये मी स्वतः बघितलं, एक जीप सड्यावर चढवली, गाणी लावून गोल गोल फिरवली, रीलसाठी. चाकाखाली चार-पाच डबकी गेली, त्यात काय होतं ते बघायला कोणी खाली उतरलं नाही. बोलायला गेलो तर म्हणे, काका पाणीच तर आहे. रस्त्यावर चिरडतात ते वेगळेच, कारण बेडूक बाहेर पडतात त्याच पावसाळी रात्री बेळगाव-सावंतवाडी रस्त्यावर गाड्या सुसाट असतात.

फार काही मागणं नाही. गाड्या सड्यावर चढतात तिथे चार मोठे धोंडे आडवे टाका, जूनचे पहिले दोन-तीन आठवडे घाटमाथ्यावर रात्री गाड्यांचा वेग कमी ठेवायला सांगा. आणि बेडूक उचलून पानावर बसवून फोटो काढणारे हौशी लोक, त्यांनाही जरा आवरा, त्यांचं प्रेमच जास्त झालंय.

पुढच्या पुरवणीला फोटो हवा असेल तर माझ्याकडे आहे, डबक्याचा. फक्त तो नेमका कुठला सडा ते छापू नका.

आपला वाचक,
सावंतवाडी