कब्जेदाराच्या आठवणी, मूळ मालकांची साक्ष

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींच्या जमीनहक्कांविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. मूलनिवासींचा जमिनीवरील पारंपरिक हक्क मान्य करणाऱ्या, तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयाच्या ३ जून १९९२ च्या माबो निकालाने ‘ही भूमी कोणाचीच नव्हती’ हे दोनशे वर्षांचे सोंग उघडे पाडले, हे त्यातील म्हणणे योग्यच आहे. मात्र त्या निकालामुळे मूलनिवासींना जमिनी परत मिळाल्या, असा जो समज लेख वाचून होतो, तो दुरुस्त व्हायला हवा.

ज्यांच्या नावाने हा निकाल ओळखला जातो, ते एडी माबो क्वीन्सलंड राज्यातील टाउन्सव्हिल येथील विद्यापीठात माळीकाम करीत. टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटावरची आपल्या घराण्याची जमीन कायद्याच्या लेखी सरकारची आहे, हे तिथल्या दोन इतिहासकारांकडून ऐकल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. मेरवर प्रत्येक बागेची हद्द ठरलेली होती, जमीन पिढ्यान्‌पिढ्या वारशाने जाई आणि मालो या देवतेच्या दंडकानुसार दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणे निषिद्ध होते. १९८२ मध्ये खटला उभा राहिला. तो चालू असतानाच, १९८५ मध्ये, क्वीन्सलंड सरकारने हे हक्क पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करणारा कायदा केला; देशातील सर्वांत वरच्या न्यायालयाने तो १९८८ मध्ये निष्प्रभ ठरवला. अंतिम निकाल लागला तेव्हा माबो हयात नव्हते. जेमतेम साडेचार महिने आधी त्यांचे निधन झाले होते.

पण त्याच निकालात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी एक अटही घातली. ‘इतिहासाच्या भरतीने’ एखाद्या समाजाची परंपरा पुसून टाकली असेल, तर तिच्यावर आधारलेला जमिनीचा हक्कही संपला, असे ते म्हणाले. मेर दूर होते, तिथे गोऱ्या वसाहतवाल्यांनी शेते काढली नव्हती, म्हणून ते तरले. ज्यांच्या जमिनी सर्वांत आधी आणि सर्वांत पुरत्या गेल्या, त्यांचा दावा मात्र या अटीने सर्वांत लंगडा झाला. लुटीचे यशच लुटीचे संरक्षण व्हावे, हा न्याय मला तरी कळलेला नाही.

मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा समाजाचा दावा पाहावा. १९९४ मध्ये दाखल झालेला हा दावा न्यायमूर्ती ओल्नी यांनी १९९८ मध्ये फेटाळला. त्यांनी आजच्या वृद्धांच्या तोंडी साक्षीपेक्षा अधिक वजन दिले ते एडवर्ड कर यांच्या लिखित आठवणींना. आणि हे कर म्हणजे १८४० च्या दशकात त्याच परिसरात मेंढ्या घेऊन उतरलेले, तीच कुरणे ताब्यात घेणारे गृहस्थ. मूलनिवासी लोक अन्न पुरवून खात नाहीत, गरजेपेक्षा जास्त घेऊन वाया घालवतात, असे करांनी नोंदवून ठेवले होते. तेवढ्यावरून, आजचे योर्टा योर्टा नदी आणि अन्नस्रोत जपण्यासाठी जी धडपड करतात, ती त्यांची ‘परंपरा’ नव्हे, असा अर्थ काढला गेला.

याहून बोचणारी गोष्ट १८८१ च्या अर्जाची. मलोगा येथील ख्रिस्ती मिशनवर राहणाऱ्या योर्टा योर्टांच्या पूर्वजांनी न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरकडे अर्ज केला होता की, आमच्या हद्दीतील सगळी जमीन सरकारने आणि गोऱ्यांनी घेतली आहे, तरी कसण्यापुरती आणि गुरे पाळण्यापुरती जमीन आम्हाला द्यावी. जमीन गेल्याची ही तक्रारच एका शतकानंतर त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली: हे लोक तेव्हाच जुनी जीवनपद्धती सोडून शेतीकडे वळले होते, असा तिचा अर्थ लावला गेला. उपाशी माणसाने भाकरी मागितली, म्हणून त्याचा रानावरचा हक्क गेला. २००२ मध्ये सर्वांत वरच्या न्यायालयाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने अपील फेटाळले. पुढे २००४ मध्ये व्हिक्टोरिया राज्याशी झालेल्या करारातून योर्टा योर्टांना काही सरकारी जमिनींच्या व्यवस्थापनात सहभाग मिळाला, मालकी नव्हे.

माबो निकालाचे मोल मी कमी लेखत नाही. पण आपण या विषयावर पुढे काही छापणार असाल, तर मेरच्या शेजारी मरे नदीकाठालाही जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक