बाबा, गाडी विकायची नाही

पुणे, 13 जुलै 2025

ती. बाबा व ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

सोबतच्या पुडीत गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाला लागणारी पोलादाची एक पातळ पट्टी आहे, बोटाच्या दोन पेरांएवढी. नीट जपून ठेवा. काल नाना पेठेत तीन दुकानं फिरले तेव्हा मिळाली. तुटलेला तुकडा रुमालात बांधून नेला होता, म्हणून बरं झालं. नुसतं तोंडी सांगून तिसऱ्या दुकानातही कुणाला कळलं नसतं. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "हो हो, कळलं" म्हणता आणि लगेच "जेवलीस का" विचारता, म्हणून कागदावर लिहितेय. वाचून झाला की कागद गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवा.

आधी मनातलं बोलते. एप्रिलमध्ये तुम्ही म्हणालात, "आता गाडी चालवायचा कंटाळा येतो गं." मी ते खरं मानलं. वाटलं, बाबांचं वय झालं, सांगली-मिरज रोडच्या गर्दीची धास्ती वाटत असेल. आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा तुम्ही रिक्षानं मिरजेला नेत होतात. येऊन-जाऊन वीस किलोमीटर, त्यात रिक्षात चढताना-उतरताना तिचा गुडघा दुखायचा. आणि मी इथून शहाणपणा सांगत बसले, की गाडी विकून टाका, पडून राहून सडेल. दोन जणांकडे किंमतसुद्धा विचारून ठेवली होती. तुम्ही "बघू" म्हणालात. त्या "बघू"मध्ये काय होतं, ते मला आषाढीला घरी आल्यावर कळलं. आई साबुदाणा परतत होती. कढईतून डोळे न काढता म्हणाली, "त्यांना कंटाळा बिंटाळा काही नाही. पेट्रोलचं झाकणच उघडत नाही मार्चपासून. पंपावर एकदा फार लाजल्यासारखं झालं त्यांना."

बाबा, पंपावरचा तो प्रसंग तुम्ही नंतर पार्किंगमध्ये सांगितलात, तेव्हा मला फार वाईट वाटलं. सीटशेजारचा खटका ओढला तरी झाकण हलेना, मागे गाड्यांची रांग, हॉर्न, आणि कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला लागलेला. रंगाचा नखाएवढा टवका उडाला तो तेव्हाच. पेट्रोल न भरताच तुम्ही गाडी घरी आणलीत. पुढे कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं बघितलं आणि म्हणाला, "ग्राइंडरनं कापतो, नवीन झाकण आणि त्या बाजूचा रंग, पाच-सहा हजार होतील." तुम्ही त्याला नको म्हणालात, ते फार बरं केलंत. पैशाचं जाऊ द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली आणि खाचाखोचांत साचून राहते. ती पेट घ्यायला उन्हाळ्याची गरमी लागत नाही, शून्याच्या खाली 40 अंशांवरही ती ठिणगीला तयार असते. टाकीच्या तोंडाशी ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे विचारही करायला नको. असं पुन्हा कुणी सुचवलं, काडी किंवा गॅसचा शेक देऊ म्हणालं, तर सरळ हाकलून द्या.

आता झालं काय होतं ते सांगते. तुमच्या जुन्या स्कूटरच्या क्लचला असायची तशीच वायर इथे आहे. आत पीळदार तार, बाहेर कव्हर. बाउडन केबल म्हणतात तिला. 1896 साली बाउडन नावाच्या माणसानं तिचं पेटंट घेतलं. अजूनही सायकलच्या ब्रेकपासून मोटारीपर्यंत तीच चालते. तुमच्या सीटच्या बाजूचा खटका ओढला की गालिच्याखालून मागे गेलेली ही तार ओढली जाते आणि झाकणाला धरून ठेवणारी छोटी खिटी आत सरकते. खिटीचं काम एवढंच. झाकणाला बाहेर ढकलते ती वेगळीच वस्तू, आतल्या बाजूला बसवलेली ही पट्टी. आपली पट्टी गंजून मधोमध मोडली होती. म्हणजे खिटी इमानानं सुटत होती, पण झाकण ढकलायलाच कुणी नव्हतं. शिवाय बिजागरीत गंज, त्यामुळे ते जागचं हलत नव्हतं.

हे ओळखलं कशावरून, तर खटक्यावरून. तुम्ही सीटवर बसून खटका ओढलात आणि मी झाकणाला कान लावला. बारीक "टक" आलं. खटका हाताला सैल, लुळा लागला असता तर तार तुटली असं समजायचं. दगडासारखा घट्ट लागला असता तर तार कव्हरमध्ये किंवा खिटी जागेवर अडकली. आपल्याला ताण बरोबर होता आणि आवाजही आला, म्हणजे दोष झाकणाकडेच. पुढे कधी असं झालं तर आधी हेच बघा. ओढाओढी करायची नाही, जोरात ओढून तार तुटली की दुखणं वाढतं.

मग मी तळहातानं झाकण आत दाबून धरलं आणि तुम्हाला म्हटलं, "ओढा, आणि ओढूनच ठेवा." झाकण आत दाबलं की खिटीवर थोडा भार असला तरी तो कमी होतो आणि गंजलेली बिजागरीही जरा हलते. हात पटकन काढला. तांदळाच्या दाण्याएवढी फट पडली, तेवढीच. बोट जाईना, नखही जाईना. तेव्हा आई, तू जिन्यातून उलथणं घेऊन आलीस, त्याला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून. मी तुला हाक मारली नव्हती, काही मागितलं नव्हतं. वरून बघत उभी होतीस आणि तुला जे सुचलं ते मला सुचलं नसतं. उलथण्याची कड पातळ आणि रुंद, त्यामुळे जोर एका जागी पडत नाही, आणि कापडामुळे रंगाला ओरखडा येत नाही. बिजागरीच्या विरुद्ध कडेनं ती घातली, हळूच पिळली, आणि बाबा, तुम्ही सीटवरून ओरडलात, "सुटलं, सुटलं!" तुम्हाला दिसतही नव्हतं तिथून. खटक्यातून हाताला कळलं असणार.

आतली अवस्था बघून मात्र जीव कळवळला. वाटीएवढी ती जागा मातीनं भरलेली, तळाशी पट्टीचा मोडका तुकडा, आणि खाली पाणी जायचं भोक चिखलानं बुजलेलं. खरं मूळ ते भोक. पावसाचं पाणी झाकणाच्या फटीतून थोडं आत जातंच, ते त्या भोकातून खाली निघून जायला हवं. भोक बुजलं की पाणी तिथेच मुरतं, आणि बिजागरी, पट्टी, स्क्रू सगळं एकत्र गंजतं. तुम्ही आतलं टोपण घट्ट लावलेलं होतं म्हणून टाकीत माती गेली नाही. मी जुन्या टूथब्रशनं माती काढली, भोकात खराट्याची काडी घालून पाणी ओतून बघितलं, जमिनीवर धार पडली तेव्हा कुठे समाधान झालं. आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब बिजागरीत सोडले. ग्रीस लावू नका तिथे, धूळ चिकटते आणि पुन्हा चिखल होतो.

आता या पट्टीचं. तुमच्याच हातानं बसेल, मेकॅनिकची गरज नाही. झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला एक छोटा फुली स्क्रू दिसतो, तो काढा, जुन्या पट्टीचा उरलेला अर्धा भाग निघेल, त्या जागी ही. फुगीर बाजू तुमच्याकडे येईल अशी. मी तात्पुरता चिकटवलेला रबराचा तुकडा खरवडून काढून टाका, तो पेट्रोलच्या थेंबानं विरघळत जाईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झाकण उघडंच ठेवून आधी खटका दोन-तीनदा ओढून बघा. खिटी आत-बाहेर होताना डोळ्यांनी दिसली पाहिजे. तिनं पूर्ण आत जायला हवं. तशी गेली तरच झाकण लावा.

कधी तारच तुटली तर घाबरून जाऊ नका. डिकीत डाव्या बाजूचं अस्तर मी उचलून बघितलंय, आपल्या गाडीत तिथून खिटीच्या मागच्या टोकापर्यंत बोटं पोचतात. खटक्याच्या बाजूला तार तुटली असेल तर तिथलं प्लास्टिकचं कव्हर काढून, तारेचं टोक पक्कडीत धरून सरळ ओढायचं. म्हणून तुमची जुनी पक्कड मी सीटखाली ठेवून आले.

पेट्रोलबद्दल थोडं. टाकीत रिझर्व्हचंच होतं आणि ते मार्चपासूनचं, म्हणून मी त्या दिवशी लगेच टाकी भरून आणली. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. आपल्याच भागातल्या उसाच्या मळीपासूनही ते इथेनॉल बनतं, पण त्याला हवेतला ओलावा ओढून घ्यायची सवय असते. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली, त्यात टाकी रिकामी असली की आत पाणी साठायची भीती. टाकीत असलेला इलेक्ट्रिक पंपही पेट्रोलमध्ये बुडालेला राहूनच थंड राहतो, सतत रिझर्व्हवर चालवलं की तो लवकर जातो. आठवड्यातून दोनदा मिरजेला जाणं-येणं झालं तरी गाडीला पुरे आहे.

पण मला खरी काळजी याची नाही. बाबा, 2019 चा ऑगस्ट आठवा. कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा याच गाडीतून आपण मावशीकडे मिरजेला गेलो. आईच्या मांडीवर देवघराचं गाठोडं, मागे तांदळाचा डबा आणि शेजारच्या आजी. पुढे दोन वर्षांनी, 2021 च्या जुलैत, पुन्हा तेच. दोन्ही वेळा टाकी भरलेली होती म्हणून निघता आलं, कारण पाणी चढायला लागलं की पंपांवर रांगा लागतात. या वर्षी मार्चपासून झाकण अडकलेलं होतं आणि टाकी रिझर्व्हवर. जूनचा अख्खा पाऊस तुम्ही दोघं तिथे, आणि मला इथे काहीच माहीत नाही. आषाढीच्या रात्री परतताना एसटीत हेच डोक्यात फिरत होतं, झोप लागली नाही.

आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे तुम्ही मला शाळेत असल्यापासून शिकवलंय. आता मी तुम्हाला सांगते, पाणी 30 फुटांवर गेल्याचं ऐकलंत किंवा कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली, की टाकी भरून ठेवायची. तोवर अर्ध्याच्या खाली काटा जाऊ द्यायचा नाही.

विकायचं मी बोलले ते मागे घेते. त्या दोघांना कळवून टाकलं, गाडी द्यायची नाही म्हणून. 2006 ची गाडी, एमएच 10 ची, 2021 ला पंधरा वर्षं झाल्यावर तुम्ही रांगेत उभं राहून पुन्हा पासिंग करून घेतलीत. पुढच्या वर्षी पाच वर्षं पूर्ण होतात. त्या वेळी मी रजा टाकून येईन, आपण दोघं मिळून जाऊ आरटीओला. मी गाडी शिकले ती हीच. विश्रामबागच्या मोकळ्या रस्त्यावर तुम्ही माझ्या शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवून होतात, आणि गाडी चारदा बंद पडली तरी एकदाही आवाज चढवला नाहीत.

तुमच्याकडे काही बिघडलं असेल, गाडीतलं असो, दाराची कडी असो की दाढदुखी, ते मला त्याच दिवशी कळवा. "उगाच तुला कशाला त्रास" हे आता नको. मला चार महिन्यांनी आईच्या तोंडून कळतं, त्याचा त्रास जास्त होतो. आई, तूही. यांनी नाही सांगितलं तर तू सांग.

रंगाचा टवका उडालाय तिथे मी नखाला लावायचं पारदर्शक पॉलिश लावलंय, तेवढ्यापुरतं गंज धरणार नाही. त्या रंगाची छोटी बाटली मागवलीय. गणपतीला येते तेव्हा घेऊन येईन. चतुर्थी 27 ऑगस्टला आहे, मी दोन दिवस आधीच निघेन.

गुरुवारी आईचा मिरजेचा व्यायाम आहे ना, गाडीनंच जा. निघायच्या आधी एकदा खटका ओढून बघा आणि "टक" आलं की मला फोन करा. मी ऑफिसात असले तरी उचलेन.

तुमची लेक