मेक्सिकन लोकनृत्य: घेर दिसतो, पाय ऐकू येत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेश दौऱ्यावरच्या मेक्सिकन लोकनृत्य पथकांबद्दल जेव्हा जेव्हा छापून येतं, तेव्हा त्यात रंग असतात, घागऱ्यांचा घेर असतो, रुंद काठाच्या टोप्या असतात. पायांच्या आवाजाबद्दल एक ओळ नसते. यात सगळा दोष लिहिणाऱ्याचा नाही. पुष्कळदा तो आवाज प्रेक्षागृहात पोहोचलेलाच नसतो. का पोहोचत नाही आणि त्यामुळे काय हरवतं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मेक्सिकोतल्या कितीतरी प्रांतांच्या नाचांचा कणा आहे सापातेआदो, म्हणजे बुटाच्या चवड्याने, टाचेने आणि सपाट तळव्याने दिलेले ठोके. वेराक्रूझच्या किनाऱ्यावरच्या सोन हारोचो संगीतात तर पाय हे वाद्यवृंदातलं एक वाद्यच मानतात. गावातल्या फान्दांगोत, म्हणजे नाचगाण्याच्या मेळाव्यात, मधोमध तारिमा ठेवतात. तारिमा म्हणजे लाकडी फळ्यांचा, आतून पोकळ असा बुटका चौथरा. हाराना आणि रेकिन्तो ही तारवाद्यं घेतलेले वादक त्याच्या भोवती उभे राहतात आणि नाचणारे त्यावर चढतात. ढोलाचं काम पाय करतात. मूळ ठोका शिकवताना ‘का-फे-कोन-पान’ असे चार उच्चार म्हणायला लावतात. अर्थ साधा, कॉफी आणि पाव. काही रचनांवर फक्त बायकाच तारिमावर चढतात, काहींवर एकेक जोडी. गायक कडवं म्हणू लागला की पाय हलके होतात, कारण शब्द ऐकू यायला हवेत. कडवं संपून नुसती वाद्यं उरली की ठोके पुन्हा जोरात सुरू होतात.

लयीची गंमत अशी की सहा मात्रांचं आवर्तन कधी तीन-तीन असं पडतं, तर कधी दोन-दोन-दोन. बऱ्याच ठिकाणी वाद्यं एका विभागणीत असतात आणि पाय दुसऱ्या. साध्या तीन ठोक्यांच्या पदन्यासात उजवा-डावा-उजवा, मग डावा-उजवा-डावा असं चालतं, आणि प्रत्येक तिकडीतला पहिला ठोका वजनदार लागतो. मेक्सिकोबाहेर शिकलेले नर्तक बहुधा इथेच चुकतात. वॉल्ट्झसारखं एक-दोन-तीन मोजत राहिलं की सगळे ठोके सारख्या वजनाचे होतात आणि दोन विभागण्यांमधली ओढाताण संपते. दुसरी चूक पाय फार वर उचलण्याची. वरून येणारा पाय उशिरा पोहोचतो. गुडघे किंचित वाकलेले, धड स्थिर आणि पाऊल जमिनीलगत असेल, तरच वेग वाढवता येतो. दमलेला नर्तक मागे रेलतो, सगळं वजन टाचांवर जातं आणि चवड्याचा बारीक ठोका विरून जातो.

आता जमिनीचं बघू. नाचाच्या बुटांना चवड्याखाली आणि टाचेखाली दाटीने लहान खिळे ठोकलेले असतात. त्यांचा आवाज टॅप नाचाच्या बुटांच्या पत्र्यापेक्षा कोरडा आणि दाट येतो. पण या खिळ्यांनी रंगमंचावरची व्हिनाइलची चटई फाटते, म्हणून कित्येक नाट्यगृहं असे बूट घालून मंचावर येऊच देत नाहीत. मग पथक रबरी तळाचे बूट घालतं आणि नाच मुका होतो. उघड्या काँक्रीटवर आवाज येतो, पण सपाट आणि कर्कश. शिवाय काँक्रीट जराही दबत नसल्याने काही दिवसांतच नडग्या आणि गुडघे दुखू लागतात. उपाय अवघड नाही. सुमारे १८ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड लाकडी पट्ट्यांवर ठेवावं, खाली पोकळी राहू द्यावी. थेट काँक्रीटवर टाकलेलं प्लायवूड घुमत नाही. दोन तक्त्यांमधले सांधे वरून चिकटपट्टीने बंद करावेत, नाहीतर खिळा अडकून घोटा मुरगळतो. तक्ते एकमेकांना खालून बांधावेत, कारण ठोक्यांनी ते हळूहळू सरकतात. मंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगत दोन मायक्रोफोन पुरतात. ते लावताना ध्वनी व्यवस्थापकाला एक गोष्ट आवर्जून सांगावी, की पायांचा आवाज हा गोंगाट नाही, तो कापू नये.

मोठ्या मंचावर आणखी एक अडचण येते. संगीत फक्त पुढच्या कर्ण्यांतून येत असेल, तर १२ मीटर मागे उभ्या असलेल्या रांगेला ते सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं. वेगवान सापातेआदोत दोन ठोक्यांमध्ये साधारण १६० ते १७० मिलिसेकंदांचं अंतर असतं. म्हणजे मागची रांग ठोक्याच्या पाचव्या हिश्शाने मागे पडते, आणि १६ जोड्यांचे पाय एकत्र वाजण्याऐवजी गारा पडल्यासारखे वाजतात. दोष नर्तकांना दिला जातो, खरा इलाज मात्र दोन्ही बाजूंना, नर्तकांच्या रांगांच्या जवळ कर्णे ठेवण्याचा असतो.

ध्वनिमुद्रित संगीताबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. एका कार्यक्रमात हालिस्को, वेराक्रूझ, वास्तेका, युकातान आणि उत्तरेकडची राज्यं अशा भागांचे नाच घ्यायचे, तर हालिस्कोसाठी मारियाची वाद्यवृंद, वेराक्रूझसाठी हार्प आणि हाराना, उत्तरेच्या पोल्कांसाठी अ‍ॅकॉर्डियन, युकातानसाठी फुंकवाद्यांचा ताफा, असा जमाव लागतो. एवढ्यांचा विमानखर्च कोणत्या पथकाला झेपणार? ध्वनिमुद्रणाकडे वळणं समजण्यासारखं आहे. पण मुद्रणात कडव्यांची संख्या आधीच ठरलेली असते. पायांनी गायकाकडे कान देण्याची गरज संपते, नर्तक आकडे मोजू लागतात, आणि गाणं चालू असतानाही जोरजोरात ठोके देत राहतात. ज्या पथकाकडे पैसे कमी आहेत, त्याने निदान वास्तेकाचा वापांगो तरी जिवंत संगीतावर करावा, असं आमचं ठाम मत आहे. त्याला तीनच वादक लागतात: व्हायोलिन, हाराना वास्तेका आणि जाडजूड आवाजाची वापांगेरा ही गिटार. गायक मध्येच आवाज उंच पातळ स्वरात उडवतो, तेव्हा पाय घसटत, जवळजवळ निःशब्द होतात. व्हायोलिन पुढे सरसावलं की ठोके परततात. कार्यक्रमातला हा एक भाग खरा वाजला, तर बाकीच्या भागांत काय ऐकायचं तेही प्रेक्षकाला आपोआप समजतं.

मंचीय रूपाला आमचा विरोध आहे, असा अर्थ कृपया काढू नये. अमालिया एर्नांदेस यांनी १९५२ मध्ये बॅले फोल्क्लोरिको दे मेक्सिको हे लोकनृत्य पथक सुरू केलं तेव्हा हाताशी आठच नर्तक होते. १९५९ पासून मेक्सिको सिटीतल्या पालासिओ दे बेयास आर्तेस या नाट्यगृहात त्याचे नियमित प्रयोग होत आले आहेत. गावचा रात्रभर चालणारा उत्सव काही मिनिटांत बसवायचा, तर रांगा, प्रकाश आणि प्रवेश-निर्गम यांची रचना करावीच लागते, आणि ती त्यांनी फार ताकदीने केली. त्याआधी १९२० च्या दशकात शिक्षण मंत्रालयाने सांस्कृतिक पथकांतून शिक्षकांना खेड्यांत पाठवलं होतं, शाळांतून नाच शिकवले होते. अडचण नकलेत आहे. परदेशातली लहान पथकं मोठ्या पथकाचा भव्यपणा उचलतात, त्यामागची संगीताची शिस्त उचलत नाहीत.

घागऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, तर त्याचंही गणित सांगतो. सरावाचा दुहेरी घेराचा घागरा म्हणजे दोन पूर्ण वर्तुळं जोडलेली. कंबर ७२ सेंटीमीटर आणि लांबी ९० सेंटीमीटर धरली, तर खालचा घेर जवळजवळ १२ मीटर भरतो. फितीची एक रांग लावायला तेवढी फीत हवी, तीन रांगांना ३६ मीटर. एवढं कापड फिरवताना ताकद खांद्यातून आली तर नर्तकीचं धड डुलतं आणि पायांची लय सुटते; कोपर आणि मनगट वापरलं तर पाय मोकळे राहतात. शिवाय प्रत्येक प्रांतात घागरा असा उडवायचा नसतो. हालिस्कोत तो डोक्याच्या वर जातो. तेवान्तेपेकच्या संथ, तीन मात्रांच्या ‘सान्दुंगा’त तो जेमतेम उचलतात. युकातानच्या हारानात (हे तिथल्या नाचाचं नाव, वाद्याचं नव्हे) धड ताठ, हात वर, बोटांच्या चुटक्या, आणि कसलेले नर्तक डोक्यावर पेल्यांचा ट्रे तोलून नाचतात. तिथे हालिस्कोसारखा घेर फिरवणं म्हणजे सरळसरळ चूक.

काही नाचांत आवाज बुटांचा नसतो, तरी हरवतो. सोनोराच्या याकी लोकांचा हरणाचा नाच घ्या. नर्तकाच्या पायांना तेनाबारी गुंडाळलेल्या असतात, म्हणजे आत बारीक खडे भरलेल्या पतंगाच्या कोशांच्या लांब माळा. हातात भोपळ्याचे खुळखुळे, कमरेला हरणाच्या खुरांचा पट्टा, आणि पाण्यावर पालथा तरंगणारा अर्धा भोपळा हा ढोल. गाणी याकी भाषेत असतात, आणि हा नाच विधी म्हणून, रात्रभर चालतो. कोशांच्या जागी घुंगरं किंवा धातूचे घंटे आले की वाळल्या पानांतून प्राणी जात असल्यासारखा तो सळसळाट जातो आणि उरते नुसती उडी. त्यापेक्षा पथकाने हा नाच कार्यक्रमातून वगळावा. मिचोआकानच्या पुरेपेचा लोकांच्या म्हाताऱ्यांच्या नाचाचंही तसंच. वाकलेले, थरथरणारे म्हातारे अचानक लाकडी तळाच्या वहाणांनी कडकडाट करतात, त्यातच सारा विनोद आहे. मऊ तळाच्या चपला घातल्या तर फक्त मुखवटे उरतात. प्रवासात खूर, शिंगं, पिसं सीमाशुल्कात अडकतात हे खरं. अमेरिकेत तर स्थलांतरित पक्ष्यांच्या पिसांवर १९१८ पासूनचा कायदा आहे. म्हणून प्राणिजन्य वस्तूंची यादी आणि परवाने आधीच तयार ठेवावे लागतात, आणि शिरोभूषणाला पाळीव पक्ष्यांची रंगवलेली पिसं लावणं सोयीचं पडतं.

बाहेर ‘टोपीचा नाच’ म्हणून ओळखला जातो, त्या ग्वादालाहाराच्या हाराबे तापातियोबद्दल दोन गोष्टी. टोपीवर पाय द्यायचा नसतो. ती जमिनीवर टाकतात आणि ठोके तिच्या काठाभोवती पडतात. काठाला बूट लागला तर जाणकार प्रेक्षक तेवढ्यावरून नर्तक जोखतो. १९१९ मध्ये रशियन बॅले नर्तकी आन्ना पाव्हलोव्हाने मेक्सिको सिटीत हा नाच बॅलेच्या बुटांत, पायांच्या टोकांवर केला. त्याने त्याची कीर्ती वाढली, यात शंका नाही. पण त्या बुटांत ठोका नसतो, आणि हा नाच नुसता पाहण्याची सवय तेव्हापासूनच लागली असावी, असं आम्हाला वाटतं.

आपल्या वार्ताहरांना विनंती, की अशा कार्यक्रमाबद्दल लिहिताना नाचाचं नाव, राज्य, संगीत जिवंत होतं की मुद्रित, आणि पायांखाली काय होतं, एवढं तरी छापावं. छायाचित्राखाली नुसतं ‘मेक्सिकन नृत्य’ लिहिल्याने काहीच कळत नाही. प्रेक्षकांनाही एक विनंती: सापातेआदो चालू असताना ठेक्यावर टाळ्या वाजवू नका. सभागृहाची टाळी एकाच विभागणीत पडते आणि पायांची दुसरी विभागणी तिच्याखाली बुडते. हाराबेच्या शेवटी ‘दियाना’ नावाची छोटी धून वाजते. मेक्सिकोत ती शाबासकीची धून आहे. तेव्हा मनसोक्त टाळ्या वाजवा.

आपले,
लोकनृत्याचे काही अभ्यासक